वाघ नसलेल्या काळातलं जंगल : चांदोली-कोयनेच्या सस्तन प्राण्यांचा इतिहास

आजचा विषय ठरला तेव्हा श्रोत्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे आला. तो असा, की सह्याद्रीत व्याघ्र प्रकल्प आहे हे आम्ही ऐकतो, पण तिथे जाऊन आलेला माणूस कधी वाघ पाहिल्याचं सांगत नाही. मग वाघ नसताना तो प्रकल्प कशाचा?

प्रश्न रास्त आहे. त्याचं सोपं उत्तर दोन वाक्यांत देता येईल. पण खरं उत्तर द्यायचं तर साडेतीनशे वर्षं मागे जावं लागतं. वाटेत वाघापेक्षा दुसरेच प्राणी जास्त भेटतात, आणि माणसंही भेटतात. म्हणून आज आपण त्या लांबच्या वाटेने जाणार आहोत.

आधी जागा नीट समजून घेऊ. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात, त्या डोंगररांगेत दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, साधारण ३१८ चौरस किलोमीटरचं. उत्तरेला कोयनेच्या खोऱ्यात कोयना अभयारण्य आहे, सुमारे ४२४ चौरस किलोमीटरचं. ही दोन्ही १९८५ साली अभयारण्यं झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० च्या जानेवारीत दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, मेळघाट, ताडोबा आणि पेंचनंतरचा राज्यातला चौथा. आजूबाजूचा प्रदेश धरून त्याचं क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर भरतं. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्या यादीतही चांदोली आणि कोयना आहेत.

आता इथे राहतं कोण? सगळ्यात मोठा गवा. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. सगळ्यात लहान खुरवाला प्राणी म्हणजे पिसोरी, तीन-चार किलोची, दिसायला हरणासारखी, पण ती हरणांच्या कुळातली नाही आणि तिला शिंगंही नसतात. या दोन टोकांच्या मधे सांबर, भेकर, रानडुक्कर. झाडावर शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, आणि वानरं. रात्री हिंडणारे अस्वल, साळिंदर, खवले मांजर, उदमांजर. शिकाऱ्यांमध्ये बिबट्या, आणि ज्याच्याकडे आज आपण वारंवार परत येणार आहोत तो कोळसून. कुणी त्याला कोळसुंदा म्हणतं, कुणी कोळशिंदा, कुणी नुसतं रानकुत्रं.

या जंगलाबद्दल लिहिताना 'माणसाचा हात न लागलेलं' असे शब्द सर्रास वापरले जातात. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे, की हे खरं नाही. या जंगलावर माणसाचा हात भरपूर फिरलेला आहे. इथल्या प्राण्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी इथे माणसं कधी आली, काय करत होती आणि कधी उठून गेली याचाच इतिहास आहे. हे मान्य केलं नाही तर प्राण्यांचंही नीट कळत नाही, आणि माणसांचं देणं तर विसरूनच जातो.

सुरुवात वासोट्यापासून करू. आज बामणोलीहून बोटीत बसायचं, शिवसागर ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं आणि मग दाट झाडीतून चढायचं. हा किल्ला जावळीच्या मुलखातला. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली तेव्हा तिची ताकद कशात होती? किल्ल्यांत होतीच, पण त्याहून जास्त रानात होती. तीन वर्षांनी अफझलखान प्रतापगडाखाली आला, तेव्हा त्याचं सैन्य याच जावळीच्या झाडीत अडकलं. म्हणजे सतराव्या शतकात जंगल ही लढाईची सामग्री होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी राखावी, घाटातली वाट सोपी करू नये, आंबा-फणसासारखी झाडं रयतेच्या मर्जीविरुद्ध तोडू नयेत, अशा अर्थाच्या सूचना येतात. त्यामागे प्राण्यांचा कळवळा नव्हता, राज्याचं संरक्षण होतं. पण झाडी राखली की तिच्यातला सांबर राखला जातो, आणि सांबराच्या मागे येणारा वाघही.

वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. या डोंगरांत वाघजाईची ठाणीही आहेत. नुसत्या नावावरून प्राण्याची संख्या काढता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आपण नावांच्या मागे लागून वाटेल ते सिद्ध करू. पण ज्या मुलखात किल्ल्याला वाघाचं नाव मिळतं आणि वाटेवरच्या देवीलाही मिळतं, तिथल्या लोकांना वाघ हा ऐकीव प्राणी नव्हता, एवढं म्हणायला हरकत नाही. वाघ इथे होता. तो बाहेरून आणलेली कल्पना नाही.

या लोकांबद्दलही एक लक्षात घ्यायला हवं. गडाखाली गावं होती. खोऱ्याच्या तळाला भाताची खाचरं, उतारावर नाचणी-वरीची शेती, सड्यांवर गुरं आणि धनगरवाडे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. पावसाळ्यात त्यावर गवत येतं, उन्हाळ्यात ते तापतं. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणारा हा भाग, त्यामुळे झाडी सोडली तर वाढतेच. ती गुरांनी, कोयत्याने आणि वणव्याने मोकळी ठेवली जायची. गवा आणि सांबर ज्या गवतावर चरत ते गवत काही प्रमाणात माणसांनीच टिकवलेलं होतं. त्याच माणसांची गुरं वाघ उचलायचा. असा हा बरोबरीचा, भांडणाचा शेजार होता.

मग इंग्रज आले. १८१८ मध्ये वासोटा पडला. आणि एक नवीन गोष्ट सुरू झाली, ती म्हणजे प्राण्यांची यादी. विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनीच्या फौजेतला अधिकारी १८२०च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होता. माणसं किती, पिकं कोणती, भाव काय, हे त्याचं काम. त्यातून त्याने प्राणीही टिपले. १८३१ मध्ये त्याची दख्खनमधल्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात छापली गेली. तीत आपल्या रानकुत्र्याला त्याने शास्त्रीय नाव दिलं आणि त्या नावात 'दख्खन' घातलं : दुखुनेन्सिस. सोबत मराठी लोक याला कोळसून म्हणतात, अशी नोंदही केली. पुढे ही वेगळी जात नसून आशियाभर पसरलेल्या एकाच जातीचा भाग आहे असं ठरलं. पण उपजातीचं नाव म्हणून साइक्सचा शब्द अजून वापरात आहे. म्हणजे एकेकाळी सैबेरियापासून जावापर्यंत मिळणाऱ्या एका प्राण्याच्या शास्त्रीय वाङ्मयात आपल्या दख्खनचं नाव कायमचं बसलंय. आमच्या मते ही गोष्ट शाळेत सांगायला हवी.

पण यादीत नाव येणं म्हणजे अभय मिळणं नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात वाघ, बिबट्या, लांडगा आणि रानकुत्रा मारणाऱ्याला सरकारी इनाम मिळायचं. वाघाबद्दल निदान एक दरारा होता. त्याची शिकार करणारा मर्द, कातडं दिवाणखान्यात. कोळसुनाच्या वाट्याला तेही आलं नाही. साहेब शिकाऱ्यांना तो आवडायचा नाही, कारण ज्या सांबरावर साहेबांचा डोळा तेच तो खायचा. वर तो टोळीने पाठलाग करून, जिवंतपणीच लचके तोडत शिकार करतो, म्हणून त्याला क्रूर ठरवलं. एका जनावराला त्याच्या जेवणाच्या पद्धतीवरून गुन्हेगार ठरवणं हे आज आपल्याला विचित्र वाटतं. पण देशभरात ही इनामं विसाव्या शतकातही बराच काळ चालू राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चित्र बदललं.

त्याच काळात जंगलही सरकारजमा होत होतं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगल ही वर्गवारी पक्की झाली. रेल्वेला स्लीपर लागत होते, शहरांना कोळसा लागत होता. जंगल वाढवायचं ते लाकडासाठी, ही नजर आली. गावकऱ्याचा चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क आता सवलत झाला. बंदुका वाढल्या, रस्ते आले, सांबर कमी झालं. वाघाला दोन्ही बाजूंनी मार बसला : तो स्वतः मारला जात होता आणि त्याचं अन्नही.

इथे थोडं दक्षिणेला राधानगरी-दाजीपूरकडे बघूया, कारण पुढची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. राजाच्या शिकारीसाठी राखलेलं, म्हणजे इतरांना बंदी. संस्थानं विलीन झाली आणि १९५८ मध्ये गव्यासाठी दाजीपूरचं अभयारण्य झालं, ते राज्यातलं पहिलं मानलं जातं. पुन्हा तोच नमुना : प्राणी वाचला, पण वाचवणाऱ्याचा हेतू वेगळाच होता. आज चांदोलीत दिसणाऱ्या गव्यांचा विचार करताना दाजीपूरपर्यंतची ही सलग डोंगररांग डोळ्यांसमोर ठेवायला हवी.

आता येतो सगळ्यात मोठा बदल. तो वनखात्याने केला नाही आणि शिकाऱ्यांनीही नाही. तो पाण्याने केला.

१९५६ मध्ये कोयना धरणाचं काम सुरू झालं. १०३ मीटर उंचीचं हे धरण झालं आणि मागे शिवसागर पसरला, पार तापोळ्यापर्यंत, पन्नास किलोमीटरच्या आसपास. खोऱ्याचा तळ, म्हणजे भाताची खाचरं, देवळं, गावठाणं, सगळं पाण्याखाली गेलं. नदीकाठची माणसं उठली. काही सोलापूरकडे गेली, काही ठाणे-रायगडकडे, काही डोंगरात वर सरकली. पाठोपाठ ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली, कोयनानगरची घरं पडली. त्यानंतर वारणेवर चांदोलीचं धरण आलं, तिथलंही खोरं बुडालं. आणि मग १९८५ ची अभयारण्यं. धरणाने जी गावं बुडाली नव्हती, त्यांतली अनेक आता अभयारण्यासाठी उठवली गेली. झोळंबी, रुंदीव, निवळे, गोठणे ही नावं आज पर्यटकाला नकाशावरची ठिकाणं वाटतात. ती नांदती गावं होती. लोकांना सांगली-कोल्हापूरच्या सपाटीवरच्या तालुक्यांत जमिनी दाखवल्या गेल्या.

हे घडल्यावर डोंगरात काय झालं? शेतं पडीक राहिली. आधी त्यांत गवत आलं. गव्याला, सांबराला आयती कुरणं मिळाली. गावठाणातले आंबे-फणस उभे होते. त्यांच्या फळांवर वानरं, अस्वलं, उदमांजरं येऊ लागली. जलाशयाने पश्चिमेच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटा तोडल्या, त्यामुळे लाकूडतोड्याला आणि शिकाऱ्याला तिथे पोचणं अवघड झालं. जावळीच्या मोऱ्यांना झाडीने जे संरक्षण दिलं होतं ते इथल्या सांबराला आता पाण्याने दिलं. सांबर, भेकर, डुक्कर होते म्हणून कोळसुनाची टोळी तगली. आठ-दहा जणांची टोळी, भुंकणं जवळजवळ नाही, शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना हाक मारतात. एकेक जनावर पंधरा किलोच्या आसपास, पण टोळी मिळून पूर्ण वाढलेलं सांबर पाडते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. वाघ जवळपास दिसेनासा झाला त्या दशकांत या जंगलातली शिकारी प्राण्याची जागा कोणी सांभाळली? बिबट्याने आणि कोळसुनाने. ज्याच्या शेपटीवर सरकार इनाम देत होतं, त्यानेच. तृणभक्षी प्राण्यांवर शिकाऱ्याचा धाक नसेल तर ते एकाच जागी चरत राहतात, नवीन रोप वर येत नाही. कोळसुनाने त्यांना हलतं ठेवलं. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली तेव्हा तो वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आला. इनामापासून अनुसूचीपर्यंत यायला दीडशे वर्षं लागली. या काळात कोळसून होता तसाच आहे, आपलं मत बदललं.

आणि वाघ? तो पूर्ण गेला नव्हता. पाऊलखुणा, विष्ठा मिळत होत्या. मे २०१८ मध्ये चांदोलीत स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. तेव्हा प्रश्नाचं उत्तर असं, की हा प्रकल्प असलेले वाघ मोजण्यासाठी कमी आणि येऊ शकणाऱ्या वाघासाठी घर तयार ठेवण्यासाठी जास्त आहे. आणि घर म्हणजे काय, तर सांबर, भेकर, गवा, गवत, पाणी. हे सगळं तयार होतं, कारण वाघाच्या गैरहजेरीत कुणीतरी ते चालू ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट वाटेची. चांदोलीचा वाघ एकट्या चांदोलीत जगू शकत नाही. दक्षिणेला राधानगरी, आंबोली, तिलारी, पुढे गोव्यातलं म्हादई आणि कर्नाटकातलं दांडेली-अणशी, आताचा काली व्याघ्र प्रकल्प, अशी ही साखळी आहे. तिची एक कडी तुटली की काय होतं हे जानेवारी २०२० मध्ये दिसलं. म्हादईत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषबाधेने मेलेली सापडली. त्यामागचं कारण जुनंच होतं, गुरं मारली गेली आणि माणूस चिडला. जावळीतला शेजार आणि म्हादईतला शेजार यांत फारसा फरक नाही. फरक एवढाच, की तेव्हा वाघ जास्त होते.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने हाच महत्त्वाचा. हे जंगल प्राण्यांना मिळालं ते फुकट मिळालेलं नाही. कोयना प्रकल्पाची वीजक्षमता आज १९६० मेगावॅटच्या घरात आहे. तुम्ही मुंबईत, पुण्यात बसून ज्या विजेवर हे व्याख्यान ऐकताय, तिच्यात त्या खोऱ्याचा वाटा असेल. चांदोलीचं पाणी सांगलीच्या उसाला जातं. आणि मागे राहिलेलं रान जगाचा वारसा म्हणून मिरवतं. तिन्ही गोष्टींची किंमत मोजणारे लोक मात्र तेच. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही पुनर्वसनाच्या मागण्या घेऊन रस्त्यावर बसतात, चांदोलीचे अभयारण्यग्रस्तही बसलेत. कागदावर जमीन मिळाली पण ताबा नाही, ताबा मिळाला पण पाणी नाही, अशा तक्रारी तिसऱ्या पिढीकडे आल्यात. जंगलाच्या कडेला जे राहिलेत त्यांच्या भातात आणि उसात गवा शिरतो. जुनी कुरणं झाडीने मिटत चालली की तो बाहेर येणारच. म्हणून आता वनखातंच जुन्या शेतांच्या जागी गवत राखण्याची कामं करतं. म्हणजे गावकऱ्याचा विळा आणि त्याची गुरं जे काम करत होती, ते काम खातं पगार देऊन करतंय. यातला विनोद बोचणारा आहे.

आम्ही असं म्हणत नाही, की गावं परत वसवा. ते होणार नाही, आणि तिथल्या नव्या पिढीला ते हवं असेलच असंही नाही. आमचं म्हणणं हिशेबाचं आहे. ज्यांच्या खाचरांवर आज गवा चरतो त्यांचं देणं चुकतं केल्याशिवाय या जंगलाला 'अस्पर्शित' म्हणू नये. तो शब्द वापरला की देणं आपोआप पुसलं जातं. जिथे कधी कुणी राहतच नव्हतं, तिथे कुणाचं काय देणं लागणार?

वासोट्याला गेलात तर बोटीत बसल्यावर एकदा खाली पाण्याकडे बघा. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठावर जुन्या बांधांच्या रेषा दिसतात. वर चढताना शिट्टीसारखा आवाज आला तर थांबा, बोलू नका. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून परत येऊ नका. ज्यांनी त्याची जागा राखली ते त्या रानात आहेत, आणि ज्यांनी जागा करून दिली ते शिरोळ-हातकणंगल्याच्या वसाहतींत आहेत. दोघांचीही चौकशी करायला हवी.

इथेच थांबतो.